काकांचा वन्स मोअर

आमच्या काकांचं एका जुन्या संगीत नाटकात पद एकच. प्रधानाचं काम, अंगाला दोन मापं मोठा झगा आणि दुसऱ्या अंकातलं ते पद. पण त्याला दर प्रयोगात वन्स मोअर ठरलेला. तो यायचा शेवटच्या रांगेतून, काकूच्या आवाजात. काका मात्र "रसिक सोडतच नाहीत" म्हणायचे, आणि घरात कुणी त्यात दुरुस्ती केली नाही.

पुढे नाटकावर सिनेमा निघाला. दिग्दर्शकाने नट सगळे नवे घेतले, प्रधान तेवढा जुना ठेवला. काकांनी गल्लीभर सांगून टाकलं. चित्रीकरणात पद झकास झालं आणि काका हात वर करून उभेच राहिले.

"काका, पुढचं वाक्य!"

"वन्स मोअर कुठे आलाय अजून?"

परोपरीने समजावून झालं. पुन्हा पद, पुन्हा हात वर. ते वाक्य वन्स मोअरशिवाय घशाबाहेर यायलाच तयार नव्हतं. दिग्दर्शक मेटाकुटीला आला. "जेवणानंतर शेवटचं घेऊ. नाहीतर पद कापावं लागेल." काकांचं तोंड एवढंसं झालं. एरवी मी त्यांची भरपूर थट्टा करतो, पण तेव्हा जेवण सोडून उठलो.

मी घरी जाऊन काकूला घेऊन आलो. ती कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसली. पद संपल्यावर तिने आवाज न करता नुसते ओठ हलवले. काका खुलले, आणि वाक्य खणखणीत बाहेर पडलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे शेवटच्या रांगेत. काकांचं पद संपलं आणि काकू सवयीने ओरडली, "वन्स मोअर!" अख्खं थिएटर हसलं. पडद्यावरचे काका तिच्याकडे ढुंकूनही न बघता वाक्य फेकून चालते झाले.

आम्ही घरी परतलो. जिन्यात काका भडकले. "मेला थांबलासुद्धा नाही तुझ्यासाठी!"

"अहो, सिनेमा आहे तो."

"असेना!" म्हणत त्यांनी तिथेच पद सुरू केलं. शेजाऱ्यांची दारं उघडली. शेवटच्या सुरावर त्यांचा हात वर गेला.

काकूला जिना चढून धाप लागली होती. "थांबा हो, दम तर घेऊ दे."

काका हात तसाच धरून थांबले.