हिरड्याच्या बादलीतली पुडी

ढोलकीच्या पुडीचं कातडं मी कमावलं. चूक एवढी एकच. बाकी सगळं पुस्तकाबरहुकूम.

पुस्तक मध्ययुगातल्या चर्मकामावर होतं. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात दिवसभर एक्सेलचे रकाने भरणाऱ्या माणसाला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला की वर्षभरात परंपरेचा उमाळा येतो. कुणी मोडी शिकतो, कुणी फेटा बांधायला. मी शेळीच्या कातड्याकडे वळलो. ज्यांना आमच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांची विद्या मी बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत, एसी लावून, पानं उलटत शिकत होतो. आणि वर स्वतःवर खूश.

गणपती दोन महिन्यांवर होते. आमच्या आरतीला ढोलकी वाजवणारी, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करणारी मुलगी हिरमुसली होती. घुमणाऱ्या बाजूची पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेलं कातडं, फाटली होती. ढोलकी तिच्या बाबांनी स्वतः घडवलेली, आणि यंदा ते पहिल्यांदाच व्हिडिओ कॉलवर तिचं वाजवणं ऐकणार होते.

"तयार पुडी मागवते," ती म्हणाली.

"मशीनचा माल? छे!" मी म्हणालो. "अस्सल जुन्या पद्धतीची देतो."

"काका, बाबांना एकदा विचारू का? ते..."

"अगं, बाबांना कशाला त्रास? मी वाचलंय सगळं."

खारवलेलं कातडं ऑनलाइन मागवलं. ते भिजवलं, चुन्यात ठेवलं, केस खरवडले. मग लिटल इंडियातून आणलेल्या हिरड्याच्या काढ्यात पाच आठवडे बुडवलं. बाल्कनीकडे पाहून लेक रोज नाक दाबायची, "पप्पा, सो स्मेली लाह!" मी तिला इतिहास सांगायचो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा त्यांनाही सांगितला. बिचाऱ्यांनी ऐकूनही घेतला.

कातडं काय सुंदर निघालं! मऊ, तपकिरी, हातात लोळणारं. व्हिडिओ बघून मीच ते तिच्याकडून आणलेल्या ढोलकीवर चढवलं आणि ढोलकी थेट आरतीच्या दिवशी, लाल कापडात गुंडाळून, सगळ्यांसमोर तिच्या मांडीवर ठेवली. टाळ्यासुद्धा पडल्या. आमच्या मंडळात कशालाही पडतात.

फोन टेकवून ठेवला होता. पडद्यावर बाबा, नव्या सदऱ्यात, कानाशी हात धरून बसलेले.

तिनं थाप मारली.

ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा आवाज आला. तिनं दोऱ्या आवळल्या, पुन्हा मारली. पुन्हा गोधडी. ती माझ्याकडे बघेना, पडद्याकडेही बघेना. शेवटी सगळी आरती टाळांवरच झाली, आणि ती ढोलकी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

प्रसादाच्या वेळी फोनमधून आवाज आला, "पुडी कुणी केली?"

मी पुढे झालो. चुना, हिरडा, पाच आठवडे, सगळं सांगितलं. अजूनही थोडी शाबासकीची आशा होती, हे कबूल करतो.

बाबांनी कानाशी धरलेला हात खाली घेतला.

"साहेब, पुडीला कच्चं कातडं लागतं. कमावलेल्याच्या चपला करतात. तुम्ही माझ्या पोरीच्या ढोलकीला चप्पल घातलीत."