साडूंची तिफण आणि माझं चाडं

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू टाकून दिली नाही आणि एकाही माणसाला स्वतःवर रागावू दिलं नाही. यातली पहिली गोष्ट मी पोटात घातली असती. दुसरी मात्र मला कधीच सहन झाली नाही, कारण त्यांच्यावर रागावण्याचा सर्वांत मोठा हक्क माझा होता आणि तो मला एकदाही नीट बजावता आला नाही.

आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मी थोरला जावई, ते धाकटे. मी पालमकडचा, शेतात राबणारा माणूस; ते परभणीला एका सरकारी कचेरीत कारकून. ताडकळसजवळच्या आमच्या सासुरवाडीला सणावारी यावं आणि हुरडा खाऊन जावं, एवढाच त्यांचा शेतीशी संबंध. पण जुन्या औतफाट्यावर त्यांचा जीव होता. कुठंही मोडका वखर किंवा जू पडलेलं दिसलं की ते जोडे काढून जवळ जात आणि "हे काय?" असं न विचारता "हे कोण?" असं विचारत. लोकांना हे फार गोड वाटे. मी बारा महिने वखर हाणायचो, पण मला कुणी गोड म्हटल्याचं आठवत नाही. साडूंनी वखराच्या गंजलेल्या पात्यावरून नुसतं बोट फिरवलं की सासूबाई पदरानं डोळे पुसत. औत धरावं मी आणि कौतुक व्हावं त्यांचं, असा त्या घरचा कायदा होता.

एकदा सासूबाईंनी त्यांना ताडकळसच्या बाजारात वांगी आणायला पाठवलं. घरात पाहुणे जेवायला यायचे होते, चूल पेटलेली होती. दुपार कलल्यावर साडू आले ते मूठ नसलेला एक विळा घेऊन. वांग्याचं नाव नाही. "मामी, भंगारवाल्याच्या ढिगात पडला व्हता बिचारा," ते म्हणाले, "लय सोसलंय त्यानं." सासूबाईंनी विळा हातात घेतला, "खरंच की," म्हणाल्या आणि मुकाट्यानं पिठलं टाकलं. मी एका दिवाळीला बाजारातून कोथिंबीर आणायला विसरलो होतो. ती कोथिंबीर त्या घरात अजून निघते.

दिवाळीचं तर विचारूच नका. पहाटे आम्हा जावयांना पाटावर बसवून वाटीभर सुगंधी तेल पुढं ठेवत. साडू ती वाटी उचलून आधी गोठ्यात जात आणि खुरपी, कुऱ्हाडी, पहारी अशा सगळ्यांना अभ्यंग घालत. ते परत येईपर्यंत वाटीचा तळ दिसू लागलेला असे. मग उरलेलं बोटभर तेल सासूबाई त्यांच्याच टाळूवर थापत, कारण "इतकं कोण करतंय हो लोखंडाचं?" मी कोरड्या डोक्यानं न्हाऊन घेत असे. माझी बायको, म्हणजे त्यांची थोरली मेव्हणी, मला सांगायची, "तुमी कामून फुगता? दाजींचं मन लेकराचं हाय." माझं मन कशाचं आहे हे तिनं कधी सांगितलं नाही.

तर, एका साली आमच्या मेव्हण्यांनी ट्रॅक्टर घेतला. लाल रंगाचा ट्रॅक्टर चार दिवस लिंबाखाली उभा राहिला, कारण शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस-चाळीस वर्षांचा पसारा भरलेला होता. तो उपसायला आम्हा दोघा जावयांना बोलावणं आलं. साडू नवं धोतर नेसून आले. मी फाटका सदरा घालून गेलो आणि अर्थातच सगळं जड सामान माझ्या वाट्याला आलं. मोटेचं वाळून कडक झालेलं चामडं निघालं, विहिरीवरचं लाकडी चाक निघालं, बैलांच्या तोंडाला बांधायची मुसकी निघाली. एकेक वस्तू बाहेर आली की साडू तिला धोतराच्या सोग्यानं पुसत आणि सावलीत ठेवत. माझ्या कपाळावरून घाम वाहत होता, तर सासूबाईंनी ताक त्यांना आधी दिलं.

सगळ्यांत शेवटी, भिंतीकडच्या कडब्याखालून, तिफण निघाली. आमच्या सासऱ्यांची, आम्ही त्यांना मामा म्हणत असू, त्यांच्या बांधावरच्या बाभळीची तिफण. तीन फण, तीन नळ्या आणि वर बी सोडायचं लाकडी वाटीसारखं चाडं. त्या तिफणीवर मामांनी सगळं रान उभं केलं होतं. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला पेरणीला आवर्जून बोलावून बैल माझ्या हाती दिले होते आणि स्वतः चाड्यावर मूठ धरली होती. त्या दिवशी ते माझ्या ओळींकडं बघून म्हणाले होते, "सरळ हाय." त्या घरात माझं झालेलं कौतुक तेवढंच. म्हणून ती तिफण मला हवी होती. दुसरं काहीही साडूंनी न्यावं, पण ही मला मिळावी, असं मी मनाशी घट्ट धरून बसलो.

ट्रॅक्टरकडं पाठ करून मामा बाजेवर बसले होते. मी धीर करून म्हटलं, "मामा, ही मी नेतो." साडू तिफणीजवळ मांडी घालून बसले होते. तिच्या दांडीवर ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला. मामांनी ते पाहिलं.

"जावाईबापू," ते मला म्हणाले, "तुमच्याकडं गेली तर तुमी तिला कामाला लावताल. लय केलंय तिनं. आता बसून खाऊ द्या की." आणि तिफण साडूंना दिली. मग ते मला म्हणाले, "चाडं तुमी न्या."

"चाड्याबिगर तिफण म्हणजे काय हो मामा?" साडूंनी विचारलं.

"ते आता तुमी दोघं बघा," असं म्हणून मामा पाय धुवायला उठले.

मी चाडं पिशवीत घालून घरी आणलं आणि रागानं माळ्यावर टाकलं. साडूंच्या दोन खोल्यांत आधीच पाहुण्यानं सदरा अडकवायचा तो जुवाच्या खुंटीला. आता समोरच्या भिंतीवर तिफण बसली. येणारा-जाणारा तिचं कौतुक करी आणि ते माझ्या कानावर येई. तिच्यात चाडं नाही, हाच काय तो मला आधार होता.

रब्बीची पेरणी तोंडावर आली आणि एका दुपारी साडू पालमला उतरले. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, आज बंद तर उद्या मोर्चा, गाडी सुटली तरी पोचेल असं सांगता येत नसे. पण हा गृहस्थ बसच्या टपावर, घोंगडीत गुंडाळून, तिफण घेऊन आला. "भाऊ, रागावू नगा," ते मला म्हणाले, "भितीवर ती रुसून बसायलीय. चाड्याची भेट करून द्यावं म्हणलं." मी रागावायच्या आत माझी बायको माळ्यावरून चाडं काढून घेऊन आली.

मग बांधाकडच्या पहिल्या ओळी त्या तिफणीवर पेरायचं ठरलं. बैल मी हाकणार, चाड्यावर मूठ साडू धरणार. मूठ धरणं म्हणजे मुठीतलं बी बोटांतून चाड्यात सारखं झिरपू देणं, चालता चालता, न थांबता. साडूंना बोलल्याशिवाय चालता येत नसे आणि तोंड उघडलं की त्यांची मूठ मिटत असे. "भाऊ, ती टिटवी बगा!" की बी बंद. मग चूक लक्षात आली की घाईनं भसकन मोकळी. आठवड्यानं ज्वारी उगवली तेव्हा माझ्या लोखंडी तिफणीच्या ओळी दोरी धरल्यासारख्या होत्या आणि बांधाकडच्या ओळींत जागोजाग टक्कल. आमचे शेजारी मुद्दाम बांधावर येऊन ते टक्कल बघत आणि हसत. माझ्या सरळ ओळींकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. बायको तर तिथं उभी राहून सांगायची, "हितं दाजींनी टिटवी दाखवली. आन हितं ते हासले."

असं दर वर्षी चाललं; पेरणी झाली की तिफण साडूंबरोबर परभणीला परत जाई आणि चाडं माझ्या माळ्यावर. मी दर वर्षी कुरकुरलो, आणि पेरणी जवळ आली की बसस्टँडकडं दोन-तीन चकरा मात्र मारायचो. मामांनी तिफण देऊन चाडं का काढून घेतलं हे मला कळलं तेव्हा मामा राहिले नव्हते. दोन जावयांना त्यांनी एका औताला जुंपलं होतं.

मग एका उन्हाळ्यात साडू गेले. झोपेत गेले, कुणालाही त्रास न देता, म्हणजे तिथंही त्यांनी कुणाला रागवायची संधी दिली नाही. दिवस झाल्यावर त्यांच्या बायकोनं, माझ्या मेव्हणीनं, तिफण माझ्याकडं पाठवून दिली. घोंगडी तीच होती. इतकी वर्षं जिच्यासाठी जळलो ती तिफण अखेर सगळीच्या सगळी माझी झाली आणि मला ती अंगणात दोन दिवस उलगडवेना.

त्या रब्बीला चाड्यावर बायकोनं मूठ धरली. तिची मूठ मामांसारखीच, बी एकसारखं सोडणारी. ज्वारी उगवली. बांधाकडच्या ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सरळ आणि सारख्या. मी संध्याकाळभर त्या ओळींतून फिरलो. शेजारी बांधावरून गेले, पण थांबलं कुणीच नाही. एखादं टक्कल सापडतं का, हे बघत मी अंधार पडेपर्यंत फिरत होतो.

पुढच्या वर्षी पुन्हा बैल जुंपले. बायको चाड्यावर मूठ धरून मुकाट्यानं चालत होती. निम्मी ओळ झाल्यावर मी बैलांकडं बघतच म्हटलं, "अगं, काही तरी बोल की."

"बोलले तर ओळ तुटंल," ती म्हणाली.

"तुटू दे."