लाइनअपमधलं नववं नाव

मी मुळात जळका माणूस. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला समजून घेण्याच्या भानगडीत पडायला नको.

साठ सालानंतरची दोन वर्षं मी जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका लहान गावात काढली. दिवसभर कारखान्यात प्राक्टिकांट, म्हणजे आपल्याकडचा उमेदवार, आणि दर गुरुवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बिअर-जेवणाच्या गास्टहाउसमध्ये बेसबॉल. खेळायला नव्हे, बोलायला. पलीकडच्या छावणीतल्या अमेरिकन सैनिकांमुळे त्या भागात बेसबॉलचं वेड पसरलं होतं आणि आमच्या गावाची स्वतःची टीम होती. टीम यथातथाच होती, पण तिच्यावर बोलणारे फार पोहोचलेले. खिडकीजवळ त्यांचा श्टामटिश होता. श्टामटिश म्हणजे ठरलेल्या मंडळींचं ठरलेलं टेबल. तिथे दुसरा कुणी चुकून बसला, तर त्याला कुणी ऊठ म्हणत नाही, नुसते बघत राहतात. दोन मिनिटांत तो आपसूक उठतो.

त्या टेबलाशी आठ खुर्च्या होत्या आणि आठवी मी मिळवली होती. मिळवली म्हणतो ते उगाच नाही. पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीमचा मी स्कोअरर होतो. आयुष्यात कधी दहाच्या वर धावा केल्या नाहीत, पण दुसऱ्यांच्या सगळ्या लिहून ठेवल्या. इथे एका सैनिकाकडून बेसबॉलच्या नियमांची पुस्तिका मिळवली, डिक्शनरी घेऊन पाठ केली आणि एक अख्खा सीझन वही घेऊन मैदानावर बसलो. मग काय! कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंगला आला होता, कुणाला डावखुऱ्या पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर, झेपत नाही, यावर वाद पेटला की सगळे माझ्याकडे वळायचे. मी सविस्तर उत्तर द्यायचो. जरा जास्तच सविस्तर. तंबाखूच्या दुकानाचा मालक, तोच तिकिटं विकायचा, मधेच म्हणायचा, "आल्झो, इंजिनिअरसाहेब, थोडक्यात!" पण ऐकायचे सगळे.

त्या वसंतात मैदानाचं नूतनीकरण निघालं. पूर्वी मातीच्या उतारावर कुठेही बसायचं, फुकट. आता उतार कापून लाकडी स्टँड, नवी जाळी, आकडे टाकलेल्या जागा आणि तिकीट. उतार गेला म्हणून टेबलावरचे दोन म्हातारे इतके चिडले, की आठवडाभर स्टँडच्या बाजूने असलेल्या लोकांशी बोलेनात. उद्घाटनाचा सामना छावणीच्या टीमशी होता, त्यांचा बँड येणार होता, म्हणून तिकिटांवर उड्या पडत होत्या. पण आमच्या टेबलासाठी तंबाखूवाल्याने पहिल्या रांगेतल्या आठ जागा बाजूला काढल्या होत्या. आठ खुर्च्या, आठ तिकिटं. मी निश्चिंत होतो.

आणि तेवढ्यात माझ्या खोलीत दुसरा मराठी मुलगा राहायला आला. तोही पुण्याचाच, तोही प्राक्टिकांट. मीच त्याला गुरुवारी टेबलाशी घेऊन गेलो. मीच! कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

त्याला जर्मन येत नव्हतं, म्हणजे येत नव्हतंच. पण हा गडी क्रियापदाशिवाय हातवारे करून सगळं बोलायचा आणि सगळे हसून लोळायचे. त्याला नववी खुर्ची आणून दिली. कुणी? ज्या म्हाताऱ्याने मला तीन महिने ताटकळत ठेवलं, त्यानेच. दुसऱ्या गुरुवारी त्याला लांबूनच हाका सुरू झाल्या. मला वर्षभरात कुणी हाक मारली नव्हती. मी आलो की ते मान हलवायचे आणि काहीतरी विचारायचे. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी तिकिटं वाटली. आठच होती. तंबाखूवाल्याने सात वाटली आणि आठवं सरळ त्याच्या हातात दिलं. मला म्हणाला, "तुम्ही काय, तुम्हाला कुठूनही दिसेल. त्याने तर अजून एकही सामना पाहिलेला नाही!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा म्हणतो, "अरे, तूच घे की." मी म्हटलं, "छे छे, तुला दिलंय ना प्रेमाने, ठेव." दात ओठ खाऊन माणूस हसू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं तर विचारूच नका. शनिवारी आम्ही दोघं स्टँडचं काम बघायला गेलो. टीमचा सराव चालला होता. एक फटका असा सणसणत आला, की शिडीवरच्या सुताराचं डोकंच फुटायचं. हा बाजूला उभा होता. एक पाऊल टाकलं, चेंडू नुसत्या हातांनी पकडला, हात छातीशी आणत आणत, आपल्याकडे गलीत उभा राहणारा कुणीही पकडेल तसा. ट्रेनर धावत आला. त्याला वाटलं, बोटं गेली. याचा तळवा नीट पाहून त्याने मला विचारलं, "हा ग्लव्हशिवाय पकडतो?" मी म्हटलं, "आमच्याकडे सगळेच पकडतात." ते खोटं होतं. मला कधीच जमलं नव्हतं.

टीममधला एक जण आजारी होता. बुधवारी ट्रेनरने लाइनअप, खेळाडूंची यादी, लावली. उजवीकडचं लांबचं मैदान, बॅटिंगला नववा: आमचा हा! आणि ट्रेनर मला काय म्हणाला असेल? "तुम्हाला नियम पाठ आहेत, तुमची भाषा एक आहे. रविवारपर्यंत त्याला शिकवा." तिकीट माझ्याकडे परत आलं, कारण खेळाडूला तिकीट कशाला लागतंय! थोरल्याचा सदरा धाकट्याला मिळतो तसं मिळालं. घेतलं मी. निमूटपणे घेतलं.

शिकवलंही. खोटं सांगत नाही, मन लावून शिकवलं. टेबलावर मिठाची बाटली पिचर, चार चमचे चार बेस, पळत गाठायची ठाणी. तीन स्ट्राइकला आउट, चार वाईट चेंडूंना फुकट पहिला बेस, सगळं. तो आपला "वा वा, लेका, तू प्रोफेसर व्हायला हवा होतास" म्हणत ऐकायचा. सरावात त्याला ट्रेनर नुसते झेल द्यायचा आणि जाळीत बॅट फिरवायला लावायचा.

रविवारी सकाळी मी आरशासमोर दाढी करत होतो. हा पलंगावर बसून बुटांच्या नाड्या ओवत होता. म्हणाला, "एक सांग. चेंडू नुसता समोर गडगडत गेला, तर पळायचं की नाही ते आपणच ठरवायचं ना? क्रिकेटसारखं?"

क्रिकेटमध्ये ठरवता येतं. बॅट लावायची आणि जागेवर उभं राहायचं, कुणी काही म्हणत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू रेषांच्या आत पडला की पहिल्या बेसकडे पळावंच लागतं, चेंडू तिथे आधी पोहोचला की आउट. ही गोष्ट मी कशी सांगितली नव्हती? विसरलो होतो, खरंच. पण त्या क्षणी आठवली, आणि तरी मी गालावरून वस्तरा फिरवत म्हणालो, "हं."

मी स्टँडवर पहिल्या रांगेत बसलो. नव्या लाकडाचा वास, बँड, पोरांच्या हातात आइस्क्रीम. टेबलावरची मंडळी दर दोन मिनिटांनी याच्या नावाने ओरडत होती. याने तिकडे लांब दोन झेल असे घेतले, की अमेरिकनही उठून उभे राहिले. बॅटिंगला दोनदा चेंडूच लागला नाही, एकदा पिचर चुकला म्हणून पहिला बेस फुकट. प्रत्येक वेळी माझा जीव टांगणीला लागायचा. आता लागेल चेंडू, आता कळेल. वाटायचं, उठून जाळीपर्यंत जावं आणि मराठीत ओरडून सांगावं. ओरडलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. गेलो नाही.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे, दोन आउट, एक गडी तिसऱ्या बेसवर, आणि हा बॅटिंगला. चेंडू बॅटला लागून समोर गडगडला. तिसऱ्या बेसवरचा सुसाट निघाला. आणि आमचा हा! बॅट जमिनीला टेकवून जागच्या जागी उभा, एक हात वर करून त्या धावणाऱ्याला ओरडतोय, "नो! नो! वेट!"

तो बिचारा गोंधळून मधेच थांबला. अमेरिकनाच्या हातून चेंडू निसटला, त्याने धडपडत पुन्हा उचलला. तेवढ्या वेळात हा चालत गेला असता तरी पोहोचला असता. सगळं स्टँड "लाउफ! लाउफ!" म्हणून बोंबलत होतं, पळ पळ म्हणून. हा हात वर करून उभाच. चेंडू पहिल्या बेसवर गेला, तिसरा आउट, आणि खेळ खलास. अमेरिकन पोट धरधरून हसले. आमच्या टेबलाचे सातही जण गप्प झाले. आणि मला आनंद झाला. आता खोटं कशाला बोलू? चांगला घवघवीत आनंद झाला.

खाली गेलो, तर ट्रेनर लालबुंद होऊन त्याला विचारत होता, माझ्याकडे बोट दाखवून, "याने सांगितलं नव्हतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "हो, हो. सांगितलं. मी विसरलो."

परतताना तो नदीवरच्या पुलाशी आल्यावर म्हणाला, "चूक माझीच. तू 'हं' म्हणालास तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू कधी एका अक्षरात उत्तर देतोस का?"

मी पुलाच्या कठड्याशी थांबलो.

"का रे?" त्याने विचारलं. रागाने नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "तुला ते हाका मारतात. मला नुसतं विचारतात. ती जागा मी वर्षभर घासून मिळवली होती."

"एवढंच? मग मागायचीस की माझ्याकडे. मी दिली असती."

आणि त्याने ती दिलीही असती, हसत हसत. तेच तर मला सहन होत नव्हतं.