मामाच्या गाण्यांचा मुहूर्त

घरात मला सगळे भित्री भागूबाई म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. वीज कडाडली की मी मामीच्या पदराखाली शिरायचे, गल्लीतलं म्हातारं कुत्रं दिसलं की लांबचा रस्ता धरायचे. अशा मला पहिली नोकरी लागली ती कॉम्प्युटरवर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

नोकरी धंतोलीतल्या एका टायपिंगच्या दुकानात होती. मालकांना आम्ही काकाजी म्हणायचो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि काकाजींनी हौसेनं तो डबा घेतला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. एसी फक्त त्याच्यासाठी. बाहेर आम्ही टाइपरायटरवाल्या मुली नागपूरच्या उन्हात भाजून निघायचो आणि तो आत साहेबासारखा गारव्यात बसायचा, याचा मला संताप यायचा. पण भीती संतापाहून मोठी होती.

कारण त्याला काही उघडायला सांगायचं म्हणजे काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळीच्या ओळी हुकूम टाइप करायचे. एक जागा सुटली की तो ‘बॅड कमांड’ म्हणून तोंडावर मारायचा. काकाजी तर ते वाचून हात मागे घ्यायचे. शेवटी मी पुस्तकात बघून एक युक्ती केली. सगळे हुकूम एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवले आणि तिला रोमन अक्षरांत नाव दिलं, ‘उघड’. एवढा एक शब्द टाइप केला की पुढचं सगळं आपोआप. आधी फ्लॉपीवरची प्रत मशीनमध्ये यायची, तिथल्या जुन्या प्रतीवर बसायची, मग लिहिण्याचा प्रोग्रॅम सुरू होऊन तीच पडद्यावर उघडायची. काम झालं की ‘बंद’ म्हणायचं, की नवी प्रत परत फ्लॉपीवर. काकाजी खूश झाले. “इंग्रजी डब्ब्याले मराठी शिकवली वं तू,” म्हणाले. त्यांनी तो एक शब्द पाठ केला. दुसरं काही त्यांना कधी आलं नाही.

‘उघड’ म्हटल्यावर जे उघडायचं ती माझ्या मामाची गाणी होती.

मला मामा-मामींनीच वाढवलं. मामा दिवसा गिरणीत आणि सुटीच्या दिवशी भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्टीत. आमच्या वस्त्यांमधून, मौद्यापासून पारशिवनीपर्यंत, त्याला लोक गायला बोलवायचे. लिहिणं-वाचणं त्याला येत नव्हतं. गाणी सगळी डोक्यात. जुनी पार्टीतल्या माणसांना पाठ होती, पण गिरणीतून घरी बसल्यावर त्यानं जी नवी रचली ती एकट्या त्यालाच ठाऊक. टेपरेकॉर्डर समोर ठेवला तर त्याचा गळा बसायचा. “त्या डब्ब्यात माहा आवाज कोंडू नको वं,” म्हणायचा. मग काकाजींनी परवानगी दिली आणि दुकान बंद व्हायच्या वेळी मामा माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसू लागला. तो एक ओळ म्हणायचा, मी ती टाइप करायची. मराठी अक्षरं त्या मशीनला येत नव्हती, म्हणून मामाचं वऱ्हाडी रोमनमधून. काकाजी दारात उभे राहून ऐकायचे. ते रोज पूजाअर्चा करणारे, आम्ही बौद्ध, पण मामा गायला लागला की काकाजींचं बोट चौकटीवर ताल धरायचं.

शेवटचं गाणं मामाच्या आईवर होतं. दीक्षेच्या दिवशी ती गर्दीतून चालत घरी आली त्याचं.

“लिही,” मामा म्हणाला. “माय घरी आली, पाय धुतले नाही. सांज झाली तरी पाय धुतले नाही.”

मी टाइप केलं.

“काहून नाही धुतले गा मायनं पाय?”

तेही टाइप केलं आणि विचारलं, “काहून?”

तो हसला. “ते उद्या सांगतो.”

त्या उद्याच्या आधीच मामाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी मान हलवली. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, “गाणे आहेत नं तुह्याजवय?” मी हो म्हटलं.

होती, पण कशी, ते सांगायला हवं. फ्लॉपी मध्येच कुरकुरायला लागली होती, म्हणून मी भिऊन ‘उघड’ आणि ‘बंद’ दोन्ही सोडून दिले होते आणि गाणी सरळ मशीनमध्येच लिहीत होते. तिच्यावर होती फक्त सुरुवातीची गाणी. पुढची सगळी एकट्या त्या मशीनच्या पोटात. नव्या फ्लॉप्या मुंबईहून यायच्या होत्या, प्रिंटरची रिबनही. काकाजी म्हणाले, दसरा होऊन जाऊ दे.

खंडेनवमीला दुकानात शस्त्रपूजा. टाइपरायटर पुसून ओळीनं मांडले, कॉम्प्युटरला झेंडूची माळ. काकाजींनी पाटावर ठेवायला फ्लॉपी मागितली. त्यांचं कुंकू म्हणजे चिमूटभर नव्हे, मूठभर. गिऱ्हाइकांच्या कामानं भरलेल्या चांगल्या फ्लॉप्यांचं वाटोळं होईल म्हणून मी हुशारी केली आणि ती कुरकुरणारी, टाकाऊ फ्लॉपी पुढे सरकवली. निघताना काकाजी म्हणाले, “उद्या सकाळी मुहूर्त करीन मी. यंदा तुह्या मामाच्या गाण्याचाच.” मला बरं वाटलं. हसून मी घरी आले.

दसऱ्याला आम्ही मामाला सायकलरिक्षात बसवून दीक्षाभूमीला नेलं. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, मंचावर कुठली तरी पार्टी गात होती. मामाचं तोंड वाकडं, पण डावा हात मांडीवर ताल धरत होता. मामी त्याची लाळ पुसत होती. मंचावरचा गायक हसून म्हणाला, आपल्याला काही मुहूर्त लागत नाही, घ्या पुढचं गाणं.

मुहूर्त हा शब्द कानावर पडला आणि मला काकाजी आठवले.

काकाजी मुहूर्त करणार म्हणजे काय करणार? पूजेतली फ्लॉपी मशीनमध्ये घालणार. आणि त्यांना येतो तो एकच शब्द टाइप करणार. माझं ‘उघड’ काही विचारणार नाही. त्याला मी विचारायला शिकवलंच नव्हतं. ते ती जुनी प्रत उचलेल आणि नव्या प्रतीवर बसवेल, आणि मामाची गाणी पुसली जातील. मामाच्या तोंडातून ती परत येणार नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“काहून वं, पांढरी पडली?” मामी म्हणाली.

“आलेच,” एवढंच मी बोलले आणि पळाले.

सगळं नागपूर दीक्षाभूमीकडे येत होतं आणि मी एकटी उलटी जात होते. लोकांच्या खांद्यांवर आपटत होते. एक म्हातारी म्हणाली, “इकडं कुठं चालली गा ही पोरगी, तिकडं आहे नं सगळं!” मला रडू येत होतं. एका पोलिसानं हात आडवा केला तर मी त्याच्या हाताखालून निघाले. पोलिसाची मला लहानपणापासून भीती, पण त्या दिवशी तिला जागाच उरली नव्हती. चप्पल तुटली ती तिथेच टाकली. मनात एकच चाललं होतं, काकाजींना उशीर होऊ दे, आंघोळीला उशीर होऊ दे, नारळ फुटायला उशीर होऊ दे.

दुकानाचं दार उघडं होतं. नारळ फुटलेला होता.

काकाजी मशीनसमोर हात जोडून बसले होते. फ्लॉपी आत होती. मशीन घरघरत होतं, मध्येच खरखर करत होतं. “मी काही केलं नाही वं,” ते घाबरून म्हणाले, “फक्त ‘उघड’ म्हटलं. तवापासून थे असंच करून राहिलं.”

पडद्यावर लिहिलं होतं की फ्लॉपी वाचता येत नाही, आणि खाली इंग्रजीत प्रश्न: सोडून देऊ, पुन्हा करू, की दुर्लक्ष करू?

काकाजींनी नेमकं फ्लॉपीच्या त्या उघड्या फटीवर कुंकू लावलं होतं, जिथून मशीन आत बघतं, म्हणून ते अडलं होतं. पण जुनी प्रत अर्धीमुर्धी येऊन बसली असेल तर? मी तर्जनी ‘ए’च्या कळीवर नेली, ‘ए’ म्हणजे अबॉर्ट, सोडून देऊ. काकाजींनी डोळे मिटले. मी दाबलं.

खरखर थांबली. पण ‘उघड’ थांबलं नाही. त्याला पुढची ओळ सांगितलेली होती, ती त्यानं पाळली. प्रोग्रॅम सुरू झाला, पडदा क्षणभर काळा झाला. त्या काळ्या पडद्याकडे बघताना मला मामाचं वाकडं तोंड दिसत होतं. मग हिरवी अक्षरं आली. मी शेवटापर्यंत खाली गेले. पाय धुतले नाही. काहून नाही धुतले गा मायनं पाय?

सगळं होतं. मी खाली बसून हमसून हमसून रडले आणि काकाजी मला प्रसादाचं खोबरं देत राहिले.

त्या मशीनवर आता माझा काडीचा विश्वास नव्हता. प्रिंटरच्या कोऱ्या कागदावर मी पेननं उतरवायला घेतलं, आधी शेवटचं गाणं. तेवढं घेऊन अनवाणीच दीक्षाभूमीला परतले. बाकीची काकाजी आणि मी नंतर आठवडाभर उतरवत होतो.

मामा रिक्षातच होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन वाचायला लागले. मला गाता येत नाही, नुसतं वाचलं. त्याचा डावा हात मांडीवर हलू लागला, बोटं नीट तालात पडत होती. मामी पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मी शेवटच्या ओळीला आले, काहून नाही धुतले गा मायनं पाय, आणि थांबले. कागदावर पुढे काही नव्हतं.

मामाची बोटं थांबली नाहीत. पुढचं एक अख्खं कडवं वाजवून मग ती मांडीवर निजली.