उणे अठरा आणि चिमूटभर चटणी

माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं स्कीइंग गडमुडशिंगीत झालं. गडमुडशिंगीत बर्फ पडत नाही, हे मलाही माहीत आहे. मी कोल्हापुरातच जन्मलो, इथंच मोटार-पंपाचं दुकान चालवतो, आणि गडमुडशिंगी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण झालं ते झालं. चारचौघांनी बघितलं, त्यातल्या एकानं मोबाइलवर घेतलं, आणि ते आता आमच्या सगळ्या पै-पाहुण्यांत फिरतंय.

सुरुवात सईनं केली. सई म्हणजे माझी मुलगी. नोकरीला लागून वर्ष झालं नाही तोवर तिनं जाहीर केलं, की जानेवारीत आपण सगळ्यांनी गुलमर्गला जायचं, स्कीइंगला. पायाला लांबलचक पट्ट्या अडकवायच्या आणि बर्फाच्या उतारावरनं घसरत खाली यायचं, असं तिनं समजावून सांगितलं. माझी बायको वैशाली हिचा एकच प्रश्न होता, वर कसं जायचं? तारेवरच्या पाळण्यात बसून, असं कळल्यावर ती लगेच तयार झाली. (ही बाई जोतिबाला गेली तरी गाडीतळावरनं हात जोडते!) सईनं तिकिटं काढून टाकली होती. मी, वैशाली, सई आणि माझी आई.

चौथ्या नावाला मी अडलो.

आई सत्तरीच्या पुढची. गेल्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून होतो आणि तिच्या छातीतली घरघर अजून माझ्या कानातनं जात नाही. तिला उणे दहा डिग्रीत न्यायचं या विचारानंच मला धडकी भरली. पण भीती वाटते असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. आम्ही त्याऐवजी ओरडतो. म्हणून मी ओरडलो, की आई येणार नाही म्हणजे नाही!

आईनं शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"येतो की मी," ती म्हणाली. (आमच्या जुन्या बायका 'येतो, जातो'च म्हणतात. वैशाली पुण्याची. लग्न झाल्यावर बरेच दिवस तिला वाटायचं, स्वयंपाकघरात कुणी पुरुष माणूस बसलाय.) "बर्फ मी लग्नात बघितलाय, मयतात बघितलाय, गोळ्याच्या गाडीवर बघितलाय. वरनं पडताना तेवढा बघायचा ऱ्हायलाय."

मी डॉक्टरांकडं धाव घेतली. डॉक्टरांनी आईची छाती तपासली, ठणठणीत आहे म्हणाले, अंगभर कपडे घालून खुशाल न्या म्हणाले. तेव्हा मी डॉक्टर बदलायचं काढलं. सई म्हणाली, आजी नाही तर मीही नाही. वैशाली म्हणाली, सई नाही तर मीही नाही. म्हणजे गुलमर्गला मी एकटाच निघालो होतो, आणि मला तर मुळात जायचंच नव्हतं.

इकडं खरेदी सुरू झाली होती. कोल्हापुरात थंडी म्हणजे कळंब्याच्या तळ्यावर सकाळी फिरायला जाताना कानटोपी घालायची आणि परत येताना ती खिशात टाकायची. त्यापुढची थंडी इथं कुणाला ठाऊक नाही. कपड्यांच्या दुकानदारानं मला विचारलं, तिकडं किती गारठा असतो. मी म्हटलं, उणे दहा. त्यानं जरा विचार केला. "उणे दहा म्हंजे, पावणं, कशातनं उणे?" म्हणाला, आणि बर्फाची म्हणून त्यानं मला रेनकोटची विजार दिली. घरी आल्यावर सईनं सगळ्यांना सगळं एकावर एक घालून बघायला लावलं. पंखा पाचवर ठेवून आम्ही हॉलमध्ये उभे होतो. मला खाली वाकता येईना, हात शरीराला टेकवता येईनात. शेजारच्या पाटीलकाकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या दारातनंच परत गेल्या. आणि आई? अंगाला चिकटणारे गरम कपडे, त्यावर स्वेटर, त्यावर नऊवारी आणि सगळ्यावर काळं घोंगडं, अशी ती झोपाळ्यावर बसून चहा पीत होती.

तोडगा दाजींनी काढला. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आईला ते आत्ती म्हणतात. त्यांची गडमुडशिंगीत छोटी डेअरी आहे, दही, ताक, लोणी असलं सगळं. लोण्यासाठी तिथं एक बर्फासारखी गार खोली आहे, उणे अठरा डिग्रीची. दाजी म्हणाले, "भांडताय कशाला? रविवारी आणा आत्तींना. बसवू लोण्याच्या खोलीत. झेपलं तर जाऊ द्या, न्हाय तर माझ्याकडं ऱ्हातील." दाराला काचेची खिडकी आहे, आतनं उघडणारी कडी आहे, आम्ही बाहेर उभे राहू, काळजी नको, असंही म्हणाले.

मला ते पटलं. आईलाही पटलं, पण माझ्याकडं बोट दाखवून तिनं एक अट घातली.

"दिल्या बी बसंल माझ्यासंगं. त्याच्या आदी मी उठलो, तर न्हाय जात बर्फाला."

आता बघा, परीक्षा तिची होती, पण पेपर मलाही आला! मी जास्त वेळ बसलो तर आई सुखरूप घरी राहणार होती. मी आधी उठलो तर ती बर्फात जाणार, आणि तिला काही झालं तर? मला काहीही करून तिच्यापेक्षा जास्त वेळ बसायचं होतं. आणि माझी गत अशी, की फ्रिजमधलं दही काढतानासुद्धा मी दुसऱ्या कुणाला हाक मारतो.

मोबाइलवर मला एक इलाज सापडला. कुठल्यातरी गार देशातला माणूस सांगत होता, मोज्यात चिमूटभर मिरचीपूड टाका, पाय उबदार राहतात. आमच्या घरात नुसती मिरचीपूड नसते. आमच्याकडं असते चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे तोंडी लावायची नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा-लसूण, खोबरं, मसाले घालून डंकावर कांडून आणलेली लालभडक पूड, वर्षभर पुरणारी. डबा उघडला तरी शेजारी शिंकतात, असली. आणि राहिला चिमटीचा प्रश्न. आमच्याकडं चिमूट पाचही बोटांची असते. रविवारी सकाळी मी दोन्ही मोज्यांत प्रत्येकी एक कोल्हापुरी चिमूट टाकली, मनात आलं थंडी फार आहे, म्हणून आणखी एक टाकली, वर बूट चढवले, हात झटकले आणि हातमोजे घातले.

गडमुडशिंगीला पोचेपर्यंत गाडीत उकडून पाय घामेजले होते. तळव्यांना छान ऊब यायला लागली होती. मी स्वतःवर खूश होतो.

लोण्याच्या खोलीत आम्ही दोघं शिरलो आणि दार लागलं. दुधाच्या क्रेटवर आई बसली, समोरच्या क्रेटवर मी. बाहेर काचेला नाकं लावून दाजी, सई आणि वैशाली. तोंडातनं वाफ निघत होती, नाकपुड्या आखडल्या होत्या. आईनं घोंगडं आवळून घेतलं आणि लोण्याच्या खोक्यांकडं बघत सुरुवात केली, की पूर्वी आपल्याकडं तीन म्हशी होत्या, त्यातल्या एकीचं लोणी कसं पिवळंधमक निघायचं आणि दुसरी कशी लाथ मारायची. तिसऱ्या म्हशीपर्यंत ती आली तेव्हा माझ्या तळव्यांची ऊब संपून भाजणं सुरू झालं होतं.

मी एक पाय उचलला. मग तो टेकवून दुसरा उचलला.

"लघवीला लागलीया काय?" आईनं विचारलं.

मी नाही म्हणालो. दातावर दात दाबून बसलो. गारठ्यानं नाक वाहायला लागलं होतं, म्हणून हातमोजा काढला आणि नाक पुसलं, डोळा पुसला. ज्या बोटांनी चटणी भरली होती, त्याच बोटांनी! मग काय विचारता? डोळ्यांतनं धारा लागल्या. वरनं उणे अठरा, खालनं वैशाखवणवा, आणि मधे मी. तरी उठलो नाही. आईला घरी ठेवायचं होतं ना!

आईनं म्हैस अर्धी सोडली. माझ्याकडं टक लावून बघितलं. मग हळूच उठून माझ्यासमोर आली, घोंगड्यातनं पदर काढला आणि माझे डोळे पुसले.

"ऱ्हाऊ दे, दिल्या. न्हाय जात मी बर्फाला," ती म्हणाली. "तू रडू नगंस."

ती आधी उठली होती. म्हणजे मी जिंकलो होतो. जिंकून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. तिला काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं, पण पायांनी सवड दिली नाही. मी कडी उघडून तिच्या बाजूनं सुसाट बाहेर पडलो, अंगणात येऊन बूट भिरकावले आणि बोंब ठोकली, "आग! आग!"

डेअरीतल्या माणसांनी 'आग' ऐकलं आणि त्यांना करायचं ते केलं. एकानं वाळूची बादली उचलली, दुसऱ्यानं पाण्याची नळी माझ्यावर सोडली. पाण्यानं ती चटणी मोज्यातनं घोट्यापर्यंत चढली. तेवढ्यात कडेला ताकाचं पिंप दिसलं. मला एवढंच सुचलं, की ताकानं तिखट मरतं! मी धावलो. धावताना एक भांडं लवंडलं, ताक लादीवर सांडलं, त्यावर नळीचं पाणी, त्यावर मी, मोज्यांवर. तिथनं पुढं मी धावलो नाही. गुडघे वाकलेले, हात दोन्हीकडं पसरलेले, रेनकोटची विजार फडफडतीये, असा मी अंगणाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेलो आणि दुधाच्या रिकाम्या कॅनांत घुसलो. सई नंतर म्हणाली, बाबा, पोझ एकदम बरोबर होती, फक्त थांबायचं शिकायला पाहिजे.

दाजींनी घमेलंभर दही आणलं आणि माझे दोन्ही पाय त्यात बुडवले. उजवा घोटा टम्म सुजला होता. आई समोर बसून दही माझ्या तळव्यांना चोळत होती. सईनं माझा मोजा चिमटीत धरून लांबूनच हुंगला. "बाबा, ही आपली चटणी आहे," म्हणाली.

आईचा हात थांबला.

"म्हंजे तू माझ्यापायी रडत न्हवतास? तुझ्या पायापायी रडत हुतास व्हय?"

सगळे हसले. दाजी तर कॅनावर बसून हसले. मी मात्र आईच्या हातांकडं बघत होतो. उणे अठरातनं बाहेर आलेला तो म्हातारा हात गरम होता. माझ्यापेक्षा गरम! खोकला नाही, धाप नाही, ओठ निळे नाहीत. पावसाळ्यापासनं छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं. मी म्हणालो, "आई, मला भीती वाटत होती गं. तुला परत तसलं काही होईल म्हणून. तू चल बर्फाला."

"मग तसं म्हणायचं की," ती म्हणाली. "उगच चटणी घालवलीस." आणि परत दही चोळायला लागली.

डॉक्टरांनी (जुन्याच! बदलले नव्हते) घोट्याला पट्टा बांधला आणि पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. निघायच्या दिवशी कोल्हापूरच्या विमानतळावर एक पोरगी चाकांची खुर्ची घेऊन पळत आली आणि घोंगडं पांघरलेल्या आईला म्हणाली, आजी, बसा. आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी बसलो. पोरगी माझ्या कानाशी वाकून मोठ्यांदा म्हणाली, "आजोबा, पाय वर घ्या." मी घेतले. वय सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

गुलमर्गला दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. मी हॉटेलच्या खोलीत हीटरजवळ, पाय खुर्चीवर. खिडकीतनं दिसत होतं, वैशाली पाळण्यात, सई पट्ट्यांवरनं पडतीये, आणि आई बाहेर उभी. तोंड वर केलेलं, डोळे मिटलेले, घोंगड्यावर पांढरे ठिपके. किती तरी वेळ ती हललीच नाही. तिला बघून बघून मला इतकं बरं वाटलं, की मी हीटर बंद करायचंसुद्धा विसरलो आणि घामाघूम झालो.

मग ती आत आली. हातात न्हाणीघरातला टब, टबात शिगोशीग ताजा बर्फ. सुजेवर बर्फ लावा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं. मी नको म्हणायच्या आत तिनं माझा पाय धरून टबात कोंबला आणि वरनं हातानं दाबून धरला. माझ्या ओरडण्यानं शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले.

आता कुणी विचारतं, मग काय, गुलमर्गला बर्फात पाय ठेवला का? मी हो म्हणतो. कुठं ठेवला, ते सांगत नाही.