धाकटीची डावी बाजू

माझी धाकटी जाऊ लोकांना तोंड चालवायला शिकवते. हसू नका. घरात तोंड चालवण्याचं खातं माझ्याकडेच आहे, पण ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. तिनं मात्र त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय.

लोखंडी सामानाच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मी: फोन घ्यायचा, वेळा द्यायच्या, आणि वाट बघून कंटाळलेल्यांचं डोकं खायचं. आतल्या खोलीत भिंतभर आरसा आणि समोर दोन खुर्च्या. तिच्याकडे कोण येत नाही! दूध ओढता न येणारं तान्हं बाळ येतं. जिभेनं दात ढकलून ढकलून फणी करून ठेवलेली कॉलेजातली पोरगी येते. घोरण्यापायी बायकोनं दुसऱ्या खोलीत हाकललेला ड्रायव्हर येतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळणारे मास्तर येतात. धाकटी शेजारच्या खुर्चीत बसते, दोघांनी आरशात बघायचं, ती करेल तसं समोरच्यानं करायचं.

"सांगून जीभ हलत नाही, जाऊबाई," ती म्हणायची. "बघून हलते."

म्हणजे सुताराला रंधा तसा हिला चेहरा. आणि तोच एका सकाळी बिघडला.

चूळ भरताना पाणी डाव्या बाजूनं खाली गळलं. मी मागेच टॉवेल घेऊन उभी होते. ती वळली आणि म्हणाली, "जाऊबाई, नीट बघा. मी भुवया वर करते. आठ्या पडतात का?"

पडल्या, पण उजव्याच बाजूला. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट.

"अर्ध्याच," मी म्हणाले.

"मग बहुतेक मेंदूतलं नाही, तसं असतं तर कपाळ हललं असतं. चेहऱ्याची नस आहे," ती म्हणाली, आणि बेसिनची कड धरून खाली बसली. ओठ एका बाजूला ओढला गेला होता, डावा डोळा मिटत नव्हता. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

डॉक्टरांनी तिचंच म्हणणं खरं ठरवलं. नस सुजलीय, गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब घाला, झोपताना पट्टी लावून डोळा मिटा. बहुतेकांचा चेहरा परत येतो, किती येईल ते आज सांगता येणार नाही. "आणि जोर करायचा नाही हं. फुगे फुगवणं, गाल ओढणं, काही नको. अर्थात तुम्हाला काय सांगायचं!" असं म्हणून ते हसले. मला त्या हसण्याचा संताप आला. अहो, हिलाच तर सांगायला हवं होतं! आजारी माणसाला दुसऱ्याचं ज्ञान चालतं, स्वतःचं चालत नाही.

मी फोनवर सगळ्यांच्या वेळा पुढे ढकलल्या. घर अगदी चिडीचूप. दीर पेपर वाचायचा आणि पान उलटायला विसरायचा. धाकटी जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायची, कारण घास डाव्या गालात अडकायचा आणि बोटानं काढावा लागायचा.

मग एका दुपारी आतल्या खोलीच्या बंद दारामागून आवाज यायला लागला. फुस्स, फुस्स. मी दार ढकललं. धाकटी आरशासमोर, तोंडात फुगा, दोन बोटांनी डावा ओठ दाबून धरलेला. गाल चोळून चोळून लालभडक.

"अगं ए! वेड लागलंय का तुला?" मी फुगा हिसकावला. "मास्तरांच्या बायकोनं फुगे आणले तेव्हा त्या बिचारीला कशी झापली होतीस? पडलेल्या स्नायूला ओढायचं नाही, नुसती आठवण करून द्यायची, हे कोण म्हणालं होतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं, जाऊबाई." तिचे शब्दही फरफटत येत होते. "नाही आला माझा चेहरा परत, तर मी शिकवू कशी? मला दुसरं काय येतं?"

दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, तिचं तिला कळतं." मी फुगे फेकून दिले. त्यानंतर न्हाणीघरातला नळ फार वेळ वाहायला लागला. मी दारावर थापा मारायचे, ती "आले, आले" म्हणायची, आणि नळ वाहतच राहायचा. अति तेथे माती हे मी दाराला किती वेळा ऐकवलं असेल!

आणि एके दिवशी डावा ओठ हलला. हलला म्हणजे काय, चांगला वर गेला! मी इतक्या जोरात ओरडले की खालचा दुकानदार वर धावत आला. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. मग तिनं सवयीनं ओठांचा चंबू केला, "ऊ", आणि तिचा डावा डोळा गपकन मिटला.

तिनं परत केलं. परत मिटला.

डॉक्टर म्हणाले, नसेचे धागे परत येताना चुकीच्या जागी जुळलेत. "घाई केलीत का?" धाकटी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. मग तेच म्हणाले की असं कधीकधी आपोआपही होतं, हळूहळू कमी करता येईल, पूर्ण जाईलच असं नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "थोडंच तर आहे. पोरांच्या लक्षातसुद्धा यायचं नाही."

पहिली वेळ मी चिमणीला दिली. चार वर्षांची पोर, तोंड कायम उघडं, म्हणून मीच ठेवलेलं नाव. श्वास नाकानं घेता यायला लागला होता, पण ओठ मिटायची सवयच नव्हती. आई दाराशी उभी राहिली, मी तिच्या मागे.

"माझ्याकडे बघ हं," धाकटी म्हणाली. "ऊ."

चिमणीनं आरशात टक लावून पाहिलं. ओठ एकत्र आणले, पुढे काढले, छान गोल चंबू केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! आई टाळ्या वाजवायला लागली. आणि चिमणीनं डावा डोळा घट्ट मिटून घेतला.

"डोळा नाही, बाळा. नुसते ओठ. ऊ."

चिमणीनं परत केलं. आधी चंबू, मग डोळा. अगदी मन लावून. "आलं ना मला तुझ्यासारखं?" तिनं विचारलं.

आईला हसू आलं. धाकटी हसली नाही. खुर्चीतून उठली आणि आरशात दिसणार नाही अशी भिंतीला टेकून उभी राहिली. "जाऊबाई," ती म्हणाली, "इथं बसा. तुम्ही करा."

"मी? अगं, मला कुठं येतं?"

"मी सांगते. बसा."

मी बसले. धाकटी भिंतीशी उभी राहून सांगत गेली, ओठ पुढे, हनुवटी सैल, दात दिसू देऊ नका, आणि मी माझ्या जाड्या ओठांनी तसं करत गेले. चिमणी तिच्याकडे बघेनाशी झाली. माझ्याकडे बघून, दोन्ही डोळे उघडे ठेवून म्हणाली, "ऊ." मग आणखी एकदा. माझे डोळे भरून आले, ओठ थरथरायला लागले.

"रडू नका, जाऊबाई," धाकटी भिंतीशी उभ्या उभ्याच म्हणाली, "ती तेही शिकेल."