कोल्हापुरात इंजिन बदललं आणि मालवण गाठलं

साताऱ्याहून मालवणला जाताना कोल्हापुरात फक्त जेवायला थांबायचं, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात पाच दिवस राहिलो, आणि निघालो तेव्हा जीपचं इंजिन दुसरंच होतं.

दोन हजार चारचा हिवाळा. आबा, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. मालवणची गाडी त्यांनी किती वेळा नेली, पण पोचायचं, झोपायचं आणि पहाटे परत फिरायचं. समुद्रात पाय म्हणून बुडवला नव्हता. आता एका डोळ्याला अंधूक दिसतं, गाडी हातात घेता येत नाही. मी शाळेत गणित शिकवते. साठवलेल्या पैशांतून जुनी डिझेल जीप घेतली होती. "बाईमाणसाला जीप कशाला?" असं धाकटा भाऊ सुहास म्हणाला, म्हणून तर ही सहल ठरवलीच.

हायवेवर चौपदरीकरण चालू होतं, जागोजागी वळणं आणि धूळ. वाठारला चहाला थांबलो आणि परत येऊन पाहते तर जीपखाली काळं थारोळं. ऑइल मोजायची दांडी काढून बघितली, ऑइल जेमतेम टोकाला. दोन लिटर ओतलं आणि हळूहळू कोल्हापूर गाठलं.

उद्यमनगरात बसाप्पा मिस्त्रींचं गॅरेज मिळालं. मूळचे निपाणीकडचे, बोलताना मध्येच कानडी. मला पाहून आधी माझ्या मागे बघितलं.

"साहेब कुठं हायत, अक्का?"

"साहेब नाहीत. जीप माझी आहे."

"व्हय? मग तुमीच सांगा काय झालंय."

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "चेंबरचं पॅकिंग गेलंय. आवाजावरनं कळतंय." एसटीच्या माणसापुढे मिस्त्री काय बोलणार? खालचं ऑइलचं चेंबर उतरवून पॅकिंग बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबा तलावापर्यंत चक्कर मारली. तलाव सुरेख आहे, पाण्यावर बगळे होते. आम्ही मात्र वाकून जीपखाली बघत होतो. ऑइल गळतच होतं.

मिस्त्रींनी आता इंजिन डिझेलने स्वच्छ धुतलं, पुसून कोरडं केलं आणि मला म्हणाले, "अक्का, पावडरचा डबा आणा. तोंडाला लावायची." मला चेष्टा वाटली. पण त्यांनी सगळ्या इंजिनावर ती पांढरी पावडर भुरभुरवली आणि जीप चालू केली. आम्ही तिघं वाकून बसलो. दहा मिनिटांनी पांढऱ्यात एक काळी रेघ उमटली, पॅकिंगच्या वर वीतभर, थेट इंजिनाच्या अंगातून. मिस्त्रींनी इंजिन बंद करून स्क्रू-ड्रायव्हरने तिथं खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, खालून लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याचा गोळा, आणि त्याखाली बोटभर चीर.

"कुणीतरी लांबी भरून रंग मारलाय. तुमाला गंडवलंय, अक्का."

चेंबर पुन्हा उतरवलं तर आत लोखंडाचे कण. कधीतरी आतला रॉड सुटून भिंतीवर आदळला होता.

"वेल्डिंग करा की," आबा म्हणाले.

"करतो, खरं बिडाच्या लोखंडाला वेल्डिंग टिकत न्हाय. फोंडा घाटात उसवलं तर काय करणार, आबा? इंजिनच बदलाय पायजे. जीपच्या निम्म्या किमतीला जाईल. त्यापेक्षा भंगारात घाला."

मी एसटीडी बूथवरून सुहासला फोन केला. तोही तेच म्हणाला. "विकून टाक आणि आबांना घेऊन एसटीने परत ये. आधीच सांगितलं होतं मी." बूथमधून बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. मला फसवलं गेलं होतं, हे खरं. पण फसले म्हणून घरी जाऊन बसायचं, हे मला मान्य नव्हतं.

"मिस्त्री, मी किंमत विचारली नव्हती. किती दिवस लागतील?"

बसाप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा म्हणाले, "तिची जीप हाय. तिला विचारा."

तिसऱ्या दिवशी इचलकरंजीला गेलो. एका भंगारवाल्याकडे मागून ठोकर बसलेली तशीच जीप उभी होती. पुढचा भाग शाबूत. रस्त्यापलीकडे यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे इंजिनाचा आवाज नीट ऐकू येईना. मी पावडरचा डबा बरोबर नेला होता. इंजिन पुसायला लावलं, पावडर मारली, अर्धा तास चालू ठेवलं. भंगारवाला वैतागला, "बाई, लग्नाला मुलगी बघायला आलाय काय?" रेघ उमटली नाही. आबांनी बोनेटवर हात ठेवून मान डोलावली. तेव्हा घेतलं.

तुम्हाला कधी अशी वेळ आली तर इंजिन चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि पावतीवर इंजिनाचा नंबर लिहून घ्या. आरटीओत तो नोंदवावा लागतो, नाहीतर पुढे भोगाल.

बसवायला दोन दिवस गेले. देवळाजवळच्या लॉजचं भाडं परवडणारं, तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा. आबांनी सात वाट्या रिचवल्या. साखळीला लटकलेलं इंजिन उतरताना ते खांब धरून उभे होते. हळूच म्हणाले, "पॅकिंग म्हटलो मी. चुकलो." एवढंच. मला त्यांच्याकडे बघवेना.

सहाव्या दिवशी निघालो. राधानगरीचा रस्ता अरुंद पण झाडीचा. फोंडा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. तीनदा थांबून दांडी तपासली, ऑइल तिथल्या तिथं. मालवणला आबांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि लाटेत उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, डेपोत गाडीची वाट बघावी तसे.

घरी आल्यावर सुहासने हिशेब मांडला. बरोबरच होता. त्या खर्चात आम्ही दोघं चार वेळा मालवणला गेलो असतो. मी तो नाकारला नाही, आणि पश्चात्तापही केला नाही.

पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही. आबा आयुष्यात कधी दुसऱ्याच्या गाडीत झोपले नाहीत. आईच्या माहेरी जातानासुद्धा ड्रायव्हरच्या मागे ताठ बसून रस्ता बघायचे. परतीला फोंडा घाट चढताना मी तिसऱ्या वळणावर शेजारी पाहिलं. आबांचं डोकं दाराला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपले होते. मी हॉर्न न वाजवता घाट चढले.